वर्म आणि मर्म : बाणासमोरचं चिलखत

म्हैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर वरुणा येतं. आज हे नाव ऐकलं की लोकांना आधी विधानसभेचा मतदारसंघ आठवतो. गाव मात्र फार जुनं आहे. हाच रस्ता पुढे कावेरीकाठच्या तलकाडकडे जातो, आणि तलकाड म्हणजे पश्चिम गंग राजांची राजधानी. वरुण्यातलं महालिंगेश्वराचं देऊळ त्या गंगकाळाची आठवण धरून उभं आहे, आणि या साऱ्या टापूत त्याच काळाचे दुसरे साक्षीदार जागोजागी भेटतात. ते म्हणजे वीरगळ. मराठीतला ‘वीरगळ’ हा शब्दच कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला. कल्लु म्हणजे दगड.

वीरगळाची मांडणी ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाशेजारी बसलेला तोच वीर. खालची चौकट नीट पाहावी. कानडी मुलखातल्या कितीतरी वीरगळांवर समोरच्या बाजूला धनुर्धर असतात, आणि वीराच्या अंगात बाण रुतलेले दाखवलेले असतात. त्याच्या कमरेला आखूड धोतर, हातात तलवार नाहीतर कट्यार, केसांचा बांधलेला बुचडा. छाती बहुतेक वेळा उघडी. बाण चिलखत भेदतो का, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना ही उघडी छाती विसरून चालणार नाही.

चिलखत म्हटलं की मराठी माणसाला 10 नोव्हेंबर 1659 चा प्रतापगड आठवतो. पण तिथे सामना कट्यारीशी होता, तोही हाताच्या अंतरावर. बाणाचं गणित वेगळं. बाण लांबून येतो, वाटेत वेग गमावतो, आणि कुठे लागेल याची खात्री सोडणाऱ्यालाही नसते.

या गणिताची आपल्याकडची सगळ्यात तपशीलवार नोंद कौटिलीय अर्थशास्त्रात सापडते. आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय जमवून ठेवावं, याची ती यादी आहे. ताडाची, वेळूची, लाकडाची आणि शिंगाची अशी धनुष्यं. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू. बाणांच्या टोकांची कामं तीन, छेदन, भेदन आणि ताडन, आणि ती टोकं लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. लगेच पुढे चिलखतं येतात. लोखंडी कड्यांचं जाळं आहे, लोखंडी पट्टे आहेत, सुताचं ‘सूत्रकंकट’ आहे, गेंडा, हत्ती, बैल यांच्या कातड्या-खुरा-शिंगांपासून केलेली आवरणंही आहेत. गळ्याला वेगळं, डोक्याला वेगळं. ही यादी लिहिणारा माणूस कोठारात प्रत्यक्ष उभा राहिलेला असावा असं वाटतं. बाणाची टोकं कामाप्रमाणे वेगळी करावी लागत, कारण समोरची आवरणंही एकसारखी नव्हती.

ते कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. रुंद पात्याचा बाण मांसात मोठी जखम करतो आणि सुताचे थर कापत जातो. पण लोखंडी पत्र्यावर त्याची धार पसरते, जोर वाटला जातो आणि बाण घसरतो. उलट सुईसारख्या निमुळत्या, चौकोनी टोकाचा बाण सगळा जोर एका बिंदूवर आणतो. कड्यांच्या चिलखतात तो एखाद्या कडीत शिरतो, कडीचा जोड ताणून उघडतो आणि पुढे जातो. मात्र हाच निमुळता बाण घट्ट टाके घालून शिवलेल्या जाड सुती अंगरख्यात अडकतो, कारण त्याला दोरे कापता येत नाहीत, बाजूला सारावे लागतात, आणि प्रत्येक दोरा त्याच्या दांडीला धरून ठेवतो. म्हणून वरून लोखंड आणि आतून कापूस ही जोडी सगळ्यात चिवट. एक टोक एकाला हरवतं, दोघांना एकदम हरवणारं टोक घडवणं लोहाराला कायम कठीण गेलं.

जोराचा हिशेबही मांडता येतो. मध्ययुगातल्या भक्कम युद्धधनुष्यातून 80 ग्रॅमचा जड बाण सेकंदाला 55 मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात सुमारे 120 ज्यूल ऊर्जा असते. इंग्लंडमध्ये 2019 साली एक प्रयोग झाला. 160 पौंडांच्या म्हणजे सुमारे 72 किलो ताणाच्या धनुष्यातून पोलादी छातीपत्र्यावर बाण सोडले गेले. पत्रा मधोमध अडीच मिलिमीटर जाड होता. बाण फुटले, वाकले, उडाले. पत्रा फुटला नाही. उडालेल्या तुकड्यांची दिशा मात्र गळ्याकडे होती, आणि छातीपत्र्यांच्या वरच्या कडेला उंचवट्याची पट्टी का असे, हे त्या प्रयोगात डोळ्यांसमोर आलं. पण हे पंधराव्या शतकातलं युरोपीय पोलाद. प्राचीन काळी असा सलग पत्रा अंगावर घालणारे फार थोडे.

जुन्या काळच्या साक्षी एकमेकींना छेद देतात, आणि तिथेच त्यांची गंमत आहे. इसवी सन पूर्व 53 मध्ये कऱ्हाईच्या मैदानावर पार्थियन घोडेस्वारांनी क्रॅसूसच्या रोमन सैन्यावर बाणांचा पाऊस पाडला. प्लूटार्क सांगतो की कठीण असो की मऊ, कुठलंच आवरण त्या बाणांपुढे टिकलं नाही, सैनिकांचे हात ढालींना आणि पाय जमिनीला खिळले गेले. 1191 मध्ये सलाहुद्दीनच्या छावणीतला बहाउद्दीन नेमकं उलटं लिहितो. क्रूसेडी पायदळाच्या जाड नमद्यांत आणि कड्यांच्या चिलखतांत बाण रुतलेले होते, आणि ती माणसं तशीच पुढे चालत होती. दोघांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. कऱ्हाईत सैन्य एका जागी अडकलं होतं आणि उंटांवरून नव्या बाणांचा पुरवठा चालू होता. 1191 चं पायदळ शिस्तीत चालत होतं, आणि त्याच्या अंगावर नमदा आणि लोखंड अशी जोडी होती.

हिंदुस्थानी धनुष्याबद्दल ग्रीकांनी लिहिलेलं वाचताना मात्र आपला माणूस थबकतो. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधाराने एरियन लिहितो की इथल्या पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीचं असे. त्याचं एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी ओढत. बाण तीन हातांना थोडासा कमी. तो सुटला की ढाल काय आणि छातीचं कवच काय, काहीच त्याला अडवू शकत नसे. मग इसवी सन पूर्व 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसच्या धनुर्धरांचं काय झालं? कर्टियस कारण देतो. पावसाने जमीन निसरडी झाली होती, धनुष्याचं टोक टेकवायला घट्ट जागाच मिळेना. ज्या धनुष्याला मातीचा आधार लागतो, त्याला चिखल हरवतो.

त्याच लढाईत स्वतः पोरसला जखम झाली ती उजव्या खांद्यावर. एरियनने कारणही नोंदवलं आहे. पोरसचं चिलखत इतकं मजबूत आणि अंगाबरोबर बसणारं होतं की त्यावर अस्त्रं लागली तरी आत शिरत नव्हती. उघडा होता फक्त उजवा खांदा. काही महिन्यांनी मालवांच्या गढीत अलेक्झांडरची पाळी आली. तटावरून एकटाच आत उडी घेतलेल्या राजाला बाण लागला, तो कवच भेदून छातीत गेला. जखमेतून रक्ताबरोबर श्वासही बाहेर येत होता असं टॉलेमीने लिहिल्याचं एरियन सांगतो, म्हणजे फुफ्फुसच उघडं पडलं. प्लूटार्कच्या मते ते पातं तीन बोटं रुंद आणि चार बोटं लांब होतं. अंतर अगदी कमी होतं. आणि अंतर हे चिलखताचं सगळ्यात मोठं दुखणं.

आता पुन्हा गंगांच्या मुलखात येऊ. वरुण्याहून फार दूर नाही असं एक गाव मंड्या जिल्ह्यात आहे, आतकूर. तिथला शिलालेख आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तो आहे इसवी सन 949-50 च्या सुमाराचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, ज्याचा 959 चा ताम्रपट आपल्या कऱ्हाडला सापडला, त्याने तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्याचा पराभव केला. त्या लढाईत गंग राजा दुसरा बूतुग, म्हणजे कृष्णाचा मेहुणा, याने राजादित्याच्या हत्तीवरच्या हौद्यालाच रणांगण करून त्याला मारलं, असं आतकूरचा दगड सांगतो. चोळांचा लायडनचा मोठा ताम्रपट मात्र सांगतो की हत्तीवर बसलेल्या राजादित्याचं हृदय तीक्ष्ण बाणांनी विद्ध झालं. तमिळ परंपरेने त्याला ‘हत्तीवर निजलेला’ राजा म्हटलं. जिंकणाऱ्यांनी मारणाऱ्याचं नाव कोरलं, हरणाऱ्यांनी बाणाचं. पण दोन्हीकडे जागा एकच, हत्तीची पाठ.

हत्तीची पाठ म्हणजे सैन्याला राजा दिसावा अशी उंची, आणि शत्रूलाही. पायदळाच्या गर्दीत बाण कोणाला लागेल ते सांगता येत नाही, हौद्यातला माणूस मात्र शेकडो धनुष्यांचं एकच लक्ष्य असतो. शंभर वर्षांनी, 1054 मध्ये, कोप्पमला चोळ आणि कल्याणीचे चालुक्य भिडले. हे कोप्पम म्हणजे कोपेश्वराचं खिद्रापूर असं काही अभ्यासक मानतात, तर काही कर्नाटकातल्या कोप्पळकडे बोट दाखवतात. राजाधिराज चोळ हत्तीवरच मारला गेला. त्याचा भाऊ राजेंद्र याने तिथेच सूत्रं हाती घेतली. त्याच्या मणिमंगलमच्या शिलालेखात चालुक्यांचे बाण कुठे कुठे लागले ते सांगितलं आहे. हत्तीच्या कपाळात, राजाच्या मांड्यांत आणि खांद्यांत. तरी राजेंद्र वाचला, जिंकला, आणि कोल्हापुरात विजयस्तंभ उभारल्याचं त्याने कोरून ठेवलं.

मांडी आणि खांदा. पोरसचाही खांदाच. ही पुनरावृत्ती पाहून मराठीतल्या एका शब्दापाशी थांबावंसं वाटतं. संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत, ‘मर्म’ म्हणजे जिथे लागलं की जीव जातो ती जागा. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या पंचाहत्तराव्या सूक्तात, जिथे धनुष्य, दोरी, भाता यांची एकेक करून स्तुती आहे, हे दोन्ही शब्द शेवटाकडे एकाच ऋचेत भेटतात. मराठीत मात्र ‘वर्मी घाव’ बसतो, ‘वर्मावर बोट’ ठेवलं जातं. चिलखताचा शब्द आपल्या बोलीत नाजूक जागेचा शब्द झाला. ध्वनीच्या जवळिकीने तसं झालं असेल. पण लढणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर या शब्दात अनुभव आहे. चिलखत जिथे संपतं, जिथे दोन पट्टे जोडले जातात, बगल, गळा, मांडी, तिथेच बाणाची वाट असते. अनुभवी धनुर्धर लोखंड फोडण्यात बाण वाया घालवत नसे. तो घोडा पाडे, माहूत टिपे, हात वर जायची वाट पाही.

बाण लागल्यानंतरचं शास्त्रही इथेच वाढलं. बाणाच्या टोकाला ‘शल्य’ म्हणत. सुश्रुतसंहितेत शल्य काढण्याचा स्वतंत्र अध्याय आहे. आलेल्या वाटेने उलट ओढायचं की तसंच पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढायचं, याचा विचार त्यात आहे. आज दवाखान्याच्या पाटीवर ‘शल्यचिकित्सक’ लिहितात, तेव्हा त्या शब्दात रणांगणावरचा एक बाण अजून रुतलेला असतो.

इतकं सगळं राजांचं. राजांच्या अंगावर चिलखत होतं, जखमेची नोंद करणारा कवी होता, ताम्रपट होता. वीरगळावरचा माणूस बहुतेक वेळा गुरं वाचवताना मेलेला असतो. गंग-राष्ट्रकूट काळात दुसऱ्याच्या गावची गुरं पळवणं ही नेहमीची चढाई, आणि ती परत आणायला धावणारे गावातलेच. त्यांच्यापाशी तलवार असे, क्वचित ढाल, आणि पळवणाऱ्यांच्या हाती धनुष्यं. अडीच मिलिमीटरचा पत्रा आणि 120 ज्यूल हा हिशेब त्यांना लागूच पडत नाही. चिलखताच्या परिणामकारकतेची सगळी चर्चा ज्यांना चिलखत परवडलं त्यांच्याभोवती फिरते, आणि प्राचीन लढायांत मेलेली बहुसंख्य माणसं त्या चर्चेच्या बाहेर राहतात. त्यांच्याबाबतीत बाण नेहमीच परिणामकारक होता.

त्यांचा हिशेब गाव वेगळ्या रीतीने ठेवी. मेलेल्याच्या घरच्यांना जमीन तोडून दिली जाई आणि ती नोंद त्याच दगडावर येई. कन्नड लेखांत अशा जमिनीला ‘कल्नाडु’ म्हणत, पुढच्या काळात ‘नेत्तरुगोडगे’. नेत्तरु म्हणजे रक्त, कोडगे म्हणजे दिलेलं दान. वीर वर शिवलिंगापाशी बसलेला आहे आणि खाली, बाणांखाली, त्याच्या घरच्यांना मिळालेल्या शेताची ओळ कोरलेली आहे.