स्टेज न मिळालेला बँड
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातील भाषण)

दिवाळीला नाट्यसंगीत सोडून रॉक बँडवर बोलतोय म्हणून आमच्या सौं.नी घरीच डोळे वटारलेत. पण हा बँड आपल्याच जेद्दाचा आहे.

२००८ साली चार कॉलेजकन्यांचा 'द ॲकोलेड' गाजला. त्यांच्यातली गिटारवाली किंग अब्दुलअझीझ विद्यापीठात कला शिकत होती. बँडचं नाव तिने लेटनच्या चित्रावरून घेतलं. त्यात एक स्त्री तरुण योद्ध्याच्या खांद्यावर तलवार टेकवून त्याला सरदारकी देते. 'पिनोकिओ' हे गाणं इंटरनेटवरून शेकडो पोरापोरींनी उतरवून घेतलं. पण जाहीर कार्यक्रम नाही, कव्हरवर फोटो नाही. सुट्टीच्या दिवशी घरातच तालीम!

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. गणपतीची आरती आपणही खिडक्या लावून, टाळ हळू वाजवून केलीच की.

माझी मुलगी तेव्हा गिटार शिकत होती. "हळू वाजव, शेजारी ऐकतील," असं मीच तिला रोज म्हणायचो. शेजारी कधीच तक्रारीला आले नाहीत, हे आता आठवतं.

पुढे दिवस पालटले. २०१७ मध्ये जेद्दात पुन्हा जाहीर मैफल झाली, पण प्रेक्षक फक्त पुरुष. नंतर रियाधच्या 'सीरा' या मुलींच्या बँडने तर लोकांसमोर रॉक वाजवलं. 'ॲकोलेड'च्या पोरींना मात्र ऐन उमेदीत स्टेज मिळालं नाही.

मुलगी आता पुण्यात असते. गिटार आमच्या कपाटावर आहे, तारा तेवढ्या गंजल्यात. कुणाच्या लेकीला हवी असेल तर जेवणानंतर मला भेटा.