लंडनची वकिली आणि मुंबईचा कॅमेरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या हळदीकुंकवाला एका भगिनीने विचारले होते, "मुलगी परराष्ट्र खात्याच्या परीक्षेला बसणार म्हणते. मग तो कॅमेरा विकून पुस्तके आणू का?" तेव्हा मी गप्प बसले. आज उत्तरादाखल एका गृहस्थांची हकीकत सांगते.

हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, तेथे ते ही विद्या शिकले. त्या काळचे फोटो म्हणजे मोठे कष्टाचे काम! काचेवर औषध ओतायचे, ती ओली आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुवायचे. जरा रेंगाळले की काच फुकट. आपल्या पुरणाला तरी थोडी सवड असते. त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली.

पुढे हेच गृहस्थ बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे राजकीय प्रतिनिधी झाले. संस्थानिकांच्या दरबारी इंग्रज रेसिडेंट बसलेला. त्याच्याविरुद्ध दाद मागायची तर माणूस थेट विलायतेला धाडावा लागे. साताऱ्यासाठी रंगो बापूजी गेले होते, ते आपल्याला ठाऊकच आहे. १८७४ साली हरिश्चंद्रांनी लंडनमध्ये गीतेवर इंग्रजी विवेचन प्रसिद्ध केले, त्यावर नावाखाली हा हुद्दा छापलेला आहे.

आणि पुढच्याच वर्षी काय झाले? रेसिडेंट फेअर यांना विष घालविल्याचा आरोप महाराजांवर आला. चौकशी मंडळात एकमत झाले नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढले. धनी गेला, तशी वकिलीही गेली. मुंबईचा स्टुडिओ मात्र १८८१ पर्यंत चालला. तो कोणा महाराजांनी दिलेला नव्हता.

"हे पुरुषांचे झाले," असे कोणी म्हणेल. आपले जळकोट तेव्हा निजामाच्या मुलखात होते. त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली खास पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला. तो चालविणारी बाईच होती.

त्या भगिनी आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. कॅमेरा अजून विकलेला नाही, असे कळते. चहापानानंतर त्यांची लेक सर्वांचा फोटो घेणार आहे, तेव्हा कोणी लवकर उठू नये.