विमानतळाची आगगाडी आणि तिचा जामीनदार

निपाणीच्या तंबाखूच्या पेठेतील एखाद्या व्यापाऱ्यास दिल्लीला किंवा बंगळूरला जावयाचे असेल, तर त्याच्यासमोर दोन विमानतळ असतात. उत्तरेस कोल्हापूरचे उजळाईवाडी आणि दक्षिणेस बेळगावचे सांबरे. दोहोंकडे नेणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागूनच जातो. नाही ती फक्त आगगाडी. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव अशा लोहमार्गाची मागणी या भागात फार जुनी आहे. आज मात्र कोल्हापूरच्या उतारूस आगगाडीने बेळगाव गाठावयाचे तर मिरजेचा वळसा घ्यावा लागतो.

सांबऱ्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तेथे विमानतळ झाला. २०१७ साली त्याला नवी इमारत मिळाली. बेळगाव-मिरज लोहमार्गावर सांबरे नावाचे स्टेशनही आहे. पण स्टेशन आणि विमानतळ यांचे नाव तेवढे एक. जागा वेगळ्या, आणि उभयतांचा परस्परांशी व्यवहार नाही.

अशा ठिकाणी कोणी तरी सुचवतो की, सरकारजवळ पैसा नसेल तर खाजगी भांडवल आणावे. वातानुकूलित डबे, राखीव आसने, सामानाची सोय आणि त्याला शोभेल असे भाडे, अशी एक खास गाडी विमानतळापर्यंत चालवावी. या व्यवस्थेला सार्वजनिक-खाजगी भागीदारी म्हणतात. जमीन आणि परवाना सरकारचा, यंत्रसामग्री व चालवणूक कंपनीची. ठराविक वर्षे भाडे वसूल करून मुदतीअखेर सर्व काही सरकारच्या स्वाधीन करावयाचे.

नाव नवे असले तरी कल्पना नवी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी १८४९ साली झालेल्या करारात जमीन विनामूल्य होती आणि भांडवलावर शेकडा ५ टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला तर तो भागीदारांचा. तूट आली तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून, भरावयाची. बेळगाव प्रांतात लोहमार्ग आणणारी सदर्न मराठा रेल्वे हीही हमीवर उभी राहिलेलीच कंपनी. गाडी आली हे खरे, परंतु जामीनदार कोण होता हेही तितकेच खरे.

आपल्याकडील अलीकडचा धडा दिल्लीचा आहे. नवी दिल्ली स्टेशनपासून विमानतळावरून द्वारकेपर्यंत जाणारा सुमारे २२.७ किलोमीटरचा मार्ग फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. पूल आणि बोगदे दिल्ली मेट्रो महामंडळाने बांधले. रूळ, गाड्या आणि चालवणूक रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीकडे, तीस वर्षांच्या कराराने. जुलै २०१२ मध्ये बांधकामातील दोषांच्या कारणावरून गाडी बंद पडली. जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली खरी, पण जूनअखेर कंपनीने अंग काढून घेतले. मग दोष कोणाचा, यावर वाद सुरू झाला. लवादाने २०१७ साली कंपनीच्या बाजूने हजारो कोटींचा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तो उचलून धरला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो रद्द केला. कंपनी गेल्यापासून गाडी महामंडळच चालवीत आहे. त्याने भाडे उतरविले आणि उतारू वाढले. वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळाची ही कथा आहे.

सांबऱ्याला दिल्लीचे माप लावणे अन्यायाचे होईल. पण आकडे मांडून पाहण्यास हरकत नाही. समजा, सांबऱ्यास दररोज एक हजार प्रवासी येतात-जातात आणि त्यांतील चौथा हिस्सा शंभर रुपये मोजून या खास गाडीत बसतो. दिवसाचे उत्पन्न पंचवीस हजार, वर्षाचे सुमारे एक्क्याण्णव लाख. आता खर्च. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड या ७३ किलोमीटरच्या नियोजित लोहमार्गाचा २०२० सालचा अंदाज सुमारे ९२७ कोटी होता, म्हणजे किलोमीटरला बारा-तेरा कोटी. त्या हिशेबाने दहा किलोमीटरला सव्वाशे कोटींच्या वर लागतील आणि आठ टक्क्यांनी त्याचे नुसते व्याजच वर्षाला दहा कोटी होईल. गाड्या, वीज, नोकरचाकर अजून बाजूलाच आहेत. ही तफावत कोणतीही कंपनी स्वतःच्या खिशातून भरणार नाही. ती सरकारकडे हमी मागेल, किंवा स्टेशनभोवतालची जमीन मागेल.

जमिनीचा प्रश्न या भागात हळवा आहे. धारवाडच्या मार्गासाठी सुपीक जमिनी जाणार म्हणून बेळगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. भाताच्या शेतातून जाणारी गाडी विमानाच्या उतारूंसाठी आहे असे सांगितल्यास त्या हरकतींना अधिकच धार येईल, आणि ते गैर म्हणता येणार नाही.

कर्नाटकातच दुसरे उदाहरण आहे. बंगळूर शहराच्या मध्यभागापासून देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत भागीदारीतून अतिजलद गाडी नेण्याची योजना बरीच वर्षे कागदावर राहिली आणि मागे पडली. जानेवारी २०२१ मध्ये मात्र जवळून जाणाऱ्या जुन्याच लोहमार्गावर एक लहानसा थांबा उघडला. तो विमानतळाच्या कंपनीने बांधून दिला, गाड्या रेल्वेच्या, आणि थांब्यापासून पुढे बस. भागीदारी म्हणावी तर हीच. जोखीम एका फलाटापुरती. तिथेही अडचण आलीच. गाड्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळेनात, तेव्हा उतारूंनी पाठ फिरविली. फलाट बांधणे सोपे असते, वेळापत्रक जुळविणे अवघड.

सांबऱ्याच्या बाबतीत आरंभ तेथूनच व्हावा. स्टेशन आहे, रूळ आहेत, मिरजेकडून रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड येथील उतारू घेऊन गाड्या येतात. त्यांतील दोन-तीन गाड्या विमानांच्या वेळा पाहून सांबऱ्यास थांबविणे आणि तेथून विमानतळापर्यंत बस ठेवणे, एवढ्यासाठी तीस वर्षांचा करार लागत नाही. त्या बसमध्ये रोज किती माणसे बसतात हे वर्षभर मोजले, तर पुढे येणाऱ्या कोणत्याही कंपनीशी बोलताना सरकारच्या हाती स्वतःचा आकडा असेल.

निपाणीचा प्रश्न याने सुटत नाही. तेथे रूळच नाहीत, आणि कोल्हापूरची बाजू मध्य रेल्वेकडे, बेळगावची नैऋत्य रेल्वेकडे. मधली सीमा दोन राज्यांची. तंबाखूचा व्यापारी तोपर्यंत पहाटेची बस धरील. उजळाईवाडीस जावे की सांबऱ्यास, हे तो त्या दिवशीच्या तिकिटाचा दर पाहून ठरवील.