मधुमेह टाळण्याचे नागरी दायित्व



मधुमेहाचा विषय निघाला की मध्यमवर्गीय घरातील संभाषण ठरलेल्या वाटेने जाते. कोणाची साखर किती वाढली, कोणत्या डॉक्टरांचा गुण आला, कारल्याचा रस घ्यावा की जांभळाच्या बियांची पूड, आणि अखेरीस ‘जिभेवर ताबा हवा’ हा निष्कर्ष. रोग्याची जीभ दोषी ठरते, तेवढ्यात चहाचा दुसरा कप येतो आणि विषय संपतो. जिभेचा दोष नाही असे कोणी म्हणणार नाही. पण एकाच पिढीत लक्षावधी माणसांच्या जिभा एकाएकी बिघडल्या, हे स्पष्टीकरण बुद्धीला पटणारे नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने सर्व राज्यांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे. ग्रामीण भागात प्रौढांमध्ये प्रमाण ८.९ टक्के, शहरांत १६.४ टक्के. शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. खेड्यातला आणि शहरातला माणूस रक्ताने वेगळा नाही. बहुतेक शहरवासीयांचे आजोबा खेड्यातच होते. मग दोन पिढ्यांत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते ते कशामुळे? उत्तराचा मोठा भाग रस्ते, घरे, शाळा, बाजार आणि कामाच्या जागा यांत आहे. आणि या गोष्टी कोणी एक माणूस ठरवत नाही, नगर ठरवते.

आपल्याकडच्या शरीराचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्थूल. म्हणून ‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ या समाधानावर विसंबता येत नाही.

याचे मूळ जन्माच्याही आधी जाते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. स्नायू आणि अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. या मातांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. म्हणजे पन्नाशीत उघडकीला येणाऱ्या रोगाची पेरणी गर्भातच झालेली असते. अशी बालके मोठी होऊन शहरात येतात, बसून काम करतात, दुचाकीवरून फिरतात आणि भरपेट जेवतात. कमतरतेसाठी घडलेला देह मुबलकतेच्या हाती सापडतो.

यातून महापालिकेसाठी निघणारा धडा फारसा चर्चिला जात नाही. मधुमेह टाळण्याचे काम पालिकेच्या प्रसूतिगृहात सुरू होते. गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची सोपी चाचणी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास गर्भारपणातला मधुमेह समजावा, असा तो निकष. ही चाचणी प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक गर्भवतीची झाली, आणि बाळंतपणानंतरही त्या स्त्रीची नोंद ठेवून तिला दरवर्षी बोलावले गेले, तर आई आणि मूल अशा दोन आयुष्यांची काळजी एकाच नोंदवहीत घेता येईल. प्रत्यक्षात बाळंतीण बाळाला घेऊन घरी जाते, तिची साखर ‘उतरली’ असे सांगितले जाते आणि दहा वर्षांनी ती पक्की मधुमेही म्हणून दुसऱ्याच दवाखान्यात येते.

नगर खरोखरच काही करू शकते का, अशी शंका स्वाभाविक आहे. तिला दोन उत्तरे आहेत. दोन्ही परदेशातील असली तरी बोलकी आहेत.

चीनमधील दाचिंग हे तेलविहिरींचे औद्योगिक शहर. तेथे १९८६ मध्ये ३३ दवाखान्यांमधून एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि उंबरठ्यावरचे ५७७ जण निवडले गेले. काही दवाखान्यांत आहाराचे, काहींत व्यायामाचे, काहींत दोन्हींचे मार्गदर्शन सहा वर्षे दिले गेले, काहींत नेहमीचेच उपचार. सहा वर्षांनी नेहमीच्या गटातील शंभरातले सुमारे ६८ मधुमेही झाले होते. मार्गदर्शन मिळालेल्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ होते. तीस वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे लांबलेला होता आणि आयुर्मान जवळपास दीड वर्षाने वाढले होते. यासाठी ना नवे औषध लागले, ना मोठे रुग्णालय. गल्लीतला दवाखाना आणि सातत्य एवढ्यावर हे झाले.

दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे. अमेरिकेतील पाच शहरांत १९९४ ते १९९८ या काळात दरिद्री वस्तीतील सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये सोडत काढून काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी साहाय्य देण्यात आले. त्यांना कोणीही आहाराचा उपदेश केला नाही. दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतील स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा जुन्या वस्तीतील स्त्रियांच्या तुलनेत मधुमेहाचे प्रमाण शंभरामागे सुमारे चारने कमी भरले. माणसे तशीच, बदलली ती केवळ वस्ती. जे लोक रोगाचे खापर पूर्णपणे रोग्याच्या संयमावर फोडतात, त्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

आता पुण्याच्या रस्त्यावर यावे. एकेकाळी हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज सायकलवर ऑफिसला जाणाऱ्याकडे शेजारी कौतुकाने पाहतात आणि घरचे काळजीने. चालणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या २०१२ च्या मानकानुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेचा दगड १५ सेंटिमीटरहून उंच नको. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजी दर दुकानासमोर चढ-उतार करत, उभ्या दुचाकींना वळसा घालत कितीशा चालणार? डॉक्टर म्हणतात ‘रोज अर्धा तास चाला’, आणि पदपथ म्हणतो ‘घरीच बसा’. औषधाची चिठ्ठी लिहावी आणि गावात औषधाचे दुकानच नसावे, तसा हा प्रकार.

पण या शहराने चांगलेही करून दाखविले आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सपाट, झाडांच्या सावलीतले पदपथ झाले, आणि तेथे संध्याकाळी आजोबा-नातवंडे रमताना दिसतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. बोगोटा शहरात मात्र १९७४ पासून दर रविवारी सकाळी ही प्रथा आहे आणि आज तेथे १२० किलोमीटरहून अधिक रस्ते चालणारे-सायकलवाले यांच्यासाठी मोकळे असतात. पुण्यात वर्षातला एक दिवस, तेथे बावन्न. एका दिवसाच्या उत्सवाने रक्तातली साखर उतरत नाही.

टेकड्यांचेही असेच. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही पुणेकरांची फुकटची व्यायामशाळा. पालिकेत १९९७ मध्ये आलेल्या गावांतील टेकड्यांवर ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित आहे. या आरक्षणाकडे झाडे आणि पक्षी यांच्याच दृष्टीने पाहिले जाते. ते आरोग्याचेही आरक्षण आहे, हे टेकडीवर पहाटे गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आहाराच्या बाबतीत नगराचे हात थोडे आखूड आहेत. कर आणि मानके दिल्लीत ठरतात. तरी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति साखर, मीठ, मेदाचे पदार्थ विकू नयेत हा २०२० चा नियम अमलात आणणे, आणि शाळेला खरोखर खेळाचे मैदान आहे की केवळ कागदावर, हे पाहणे येथल्याच यंत्रणेचे काम आहे. घराघरांतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. भाताऐवजी पोळी किंवा नाचणी घेतली पण एकूण पिष्ट तेवढेच राहिले, तर धोका कमी होत नाही. डाळी, उसळी, दूध वाढले तर होतो. उपवासाच्या दिवशी भरपेट साबुदाण्याची खिचडी खाऊन आरोग्य सांभाळले असे मानणे हा तर शुद्ध भाबडेपणा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

तपासणीबद्दल मात्र उत्साहाला थोडा आवर घालणे बरे. गणेशोत्सवात मंडपाशेजारी शिबिर लागते, बोटाला सुई टोचली जाते, आकडा कागदावर लिहून दिला जातो, आणि कागद खिशात विरून जातो. मोलाचे असते ते शिबिरानंतरचे काम. दक्षिण भारतात २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या एका प्रयोगात उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना भ्रमणध्वनीवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश नियमित पाठविले गेले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के मधुमेही झाले, संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के. मिळकत कराची आठवण नागरिकाच्या भ्रमणध्वनीवर बिनचूक येते. त्याच वाटेने दुसराही संदेश पाठविता येईल. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी शंभर नावे टिपून घेतली आणि पुढच्या गणेशोत्सवापर्यंत त्या शंभर घरी चार-चार वेळा चौकशी केली, तर एका वस्तीचे दाचिंग होऊ शकते.

आणि आरंभ करायला फार दूर जावे लागणार नाही. पुणे महानगर परिवहन महामंडळ दोन महापालिकांच्या मालकीचे आहे. त्याचा चालक पाळीभर आसनावर बसून असतो, जेवणाची वेळ वाहतुकीच्या कोंडीवर ठरते, आणि मधल्या सुटीत हाताशी येतो तो गोड चहा आणि वडापाव. नगराच्या स्वतःच्या या सेवकाच्या आगारात उसळ-भाकरीचे ताट रास्त दरात मिळते का, पाळी बदलताना त्याचा रक्तदाब आणि साखर कोणी पाहते का, हे विचारायला ना कायदा बदलावा लागतो, ना दिल्लीला जावे लागते.