आजोबांच्या नेमणुकीच्या कागदाची किंमत किती?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, मूळचा वाशीमचा. नोकरी कोडची, नाद जुन्या कागदांचा.

परवा एका मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्याच्या आजोबांच्या पटवारी म्हणून नेमणुकीचा आदेश, साल १९५३. खाली दोन प्रश्न. "भाऊ, किती येतील याचे? आणि यावर मध्य प्रदेश कसं काय लिहिलंय, नकली तर नाही ना?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ. नकली असायचं कारण नाही. उलट १९५३ च्या कागदावर महाराष्ट्र शासन असतं, तर मी म्हटलं असतं, गडबड आहे. आपला वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. १९५० मध्ये त्याचंच मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव तेच, शेत तेच, लेटरहेड मात्र बदलत गेलं.

जिल्ह्याचंही तसंच. इंग्रजांच्या काळात वाशीम जिल्हा होता, पण १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणून १९४० च्या कागदावर 'जिल्हा वाशीम' असा शिक्का दिसला, तर तो घेऊ नका.

अजून एक खूण म्हणजे शाई. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं ते १९४५ च्या शेवटी. १९३० च्या आदेशावर बॉलपेनची सही दिसली तर समजून जा.

आता पैशाचं. संग्राहक काय बघतो? सही कुणाची, शिक्का स्पष्ट आहे का, कागद पूर्ण आहे का आणि असे कागद किती सापडतात. साध्या पटवाऱ्याच्या आदेशाला फार मोठी रक्कम येत नाही. ऑनलाइन कुणी पन्नास हजार मागितले म्हणजे तेवढ्याला विकला गेला असं नसतं. विकला कितीला गेला ते विचारा.

कायदाही बघा. ऐतिहासिक महत्त्वाचा कागद ७५ वर्षांहून जुना असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसू शकतो. असा कागद परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून बाहेर आलेली फाईल कुणी विकत असेल, तर ती सरकारी मालमत्ता आहे. आजोबांच्या हातात दिलेली प्रत वेगळी, ती घरची.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जात पडताळणीला गेलेल्या माणसाला विचारा, जुना कागद म्हणजे काय ते. तिथं जुन्या तारखा लागतात : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा जड धरला जातो.

नेमणुकीच्या आदेशावर जात लिहिलेली असेलच असं नाही. पण त्यावर आदेश क्रमांक असतो, तारीख असते, कार्यालयाचं नाव असतं. आजोबांचं सर्व्हिस बुक कुठं शोधायचं, वाशीमला की अकोल्याला, हे त्यावरूनच कळतं. संग्राहकासाठी तो फ्रेममधला कागद, घरच्या पोरीसाठी कदाचित इंजिनिअरिंगची सीट.

मित्राला मी एवढंच सांगितलं. आधी घरात, भावकीत विचार, कुणाची फाईल अडकली आहे का. आदेश दोन्ही बाजूंनी नीट स्कॅन कर. लॅमिनेशन करू नको, सेलोटेप लावू नको, दोन्हींनी कागद खराब होतो. सही-शिक्क्याचा स्पष्ट फोटो ग्रुपवर टाकू नको, नकली बनवणाऱ्यांना आयता नमुना मिळतो. हे सगळं झाल्यावरही विकायचाच असेल, तर वीक.

तुमच्याही घरी पत्र्याची पेटी असेल. या रविवारी ती उघडा, आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि कागदावरची नावं त्यांच्याकडून वाचून घ्या. ते सांगतील ते फोनमध्ये रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!