पहिल्या वर्षीचा भोपळा

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या उद्यान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘भोपळा’ हा शब्द शाळेत उच्चारला की मागच्या बाकांवर हसू फुटते. उत्तरपत्रिकेवर मिळणारा भोपळा सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा भोपळा बालवाडीतला. लेकीच्या घरी जाऊन जाडजूड झालेली म्हातारी ज्यात बसून परत येते तो. २०२३ साली मीही लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात गेले होते. जाडजूड होऊन परतले की नाही, हे सहकाऱ्यांनी ठरवावे. पण तेथे जो भोपळा पाहिला त्यात त्या म्हातारीसह तिची लेक आणि जावईही सहज बसले असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्रकाठी हाफ मून बे नावाचे गाव आहे. तेथे दर ऑक्टोबरात महाकाय भोपळ्यांचे वजन करण्याची स्पर्धा भरते. यंत्राने उचललेली ती फळे एकेक करून काट्यावर ठेवली जातात आणि लोक श्वास रोखून आकड्याकडे पाहत राहतात. त्या वर्षी ट्रॅव्हिस गिंजर यांचा भोपळा १,२४६ किलोंहून अधिक भरला आणि जागतिक विक्रम झाला. हे गृहस्थ मिनेसोटा राज्यात उद्यानविद्येचे शिक्षक आहेत, हे ऐकून मला उगाचच आपल्या घरातले कोणी जिंकल्यासारखे वाटले.

मात्र मला आज त्यांच्याविषयी फारसे बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते लेकीच्या शेजाऱ्यांविषयी. निवृत्त बसचालक, वय सत्तरीच्या घरात. त्यांनी आदल्या वर्षी प्रथमच भोपळा लावला होता आणि पहिल्याच वर्षी साडेचारशे किलोंचा संकल्प सोडला होता. पाच रोपे लावली, प्रत्येक वेलावर तीन-तीन फळे राखली, खतांचा मारा केला. ऑगस्टमधल्या एका सकाळी सर्वांत मोठे फळ देठापासून तडकलेले आढळले. तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला की फळ स्पर्धेतून बाद होते. उरलेली फळे इतकी लहान राहिली की ती काट्यापर्यंत नेण्याची त्यांना लाज वाटली.

साडेचारशे किलो हा आकडा काही सामान्य नाही. कॅनडातील विल्यम वॉर्नॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुमारे १८१ किलोंचा भोपळा मांडला आणि १९०४ साली सेंट लुईस येथे त्याहून किंचित मोठा. तो विक्रम १९७६ पर्यंत कोणी मोडू शकले नाही! पुढे नोव्हा स्कॉशियातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे निवड करीत ‘अटलांटिक जायंट’ हे वाण सिद्ध केले. १९८१ साली त्यांचे फळ सुमारे २२४ किलो भरले. आज जगातील जवळजवळ प्रत्येक विक्रमी भोपळा त्याच वाणाच्या वंशातला असतो. तरीही साडेचारशे किलोंची रेषा ओलांडायला १९९६ साल उजाडावे लागले. अलीकडे २०२५ साली सुमारे १,२७९ किलोंचा विक्रम केला तो इंग्लंडमधील इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी. किशोरवयापासून जवळजवळ पन्नास वर्षे ते भोपळे लावीत आहेत. आमच्या शेजाऱ्यांना हे सारे पहिल्याच पावसाळ्यात हवे होते. (तेथे त्या दिवसांत पाऊस नसतो, ही आपली बोलण्याची सवय.)

मी गेले ते त्यांचे दुसरे वर्ष होते. औजारांच्या खोपटाच्या दारावर त्यांनी एक कागद चिकटवला होता. लेकीने मला तो वाचून दाखवला. एकच वेल लावायचा. वेलावर एकच फळ ठेवायचे. रोज मोजायचे आणि लिहायचे. फळ अखंड अवस्थेत काट्यापर्यंत न्यायचे. वजनाचा रकाना कोरा होता. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “ते माझ्या हातात नाही. बी, हवा आणि नशीब हे तिघे मिळून ठरवतील. गतवर्षी माझे कोणतेच फळ काट्यावर चढले नाही. म्हणजे यंदा जे चढेल तो माझा विक्रम.”

हातात काय आहे, याचा मात्र त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. लागवडीआधी मातीची तपासणी करून घेतली. मुख्य वेल तीन-साडेतीन मीटर लांबल्यावर आलेले मादीफूल निवडून पहाटे स्वतःच्या हाताने परागण केले. वेलाच्या पेरांवर माती ओढली, म्हणजे तेथेही मुळे फुटतात आणि फळाला अधिक अन्न मिळते. उन्हाने साल टणक होऊन तडकू नये म्हणून फळावर चादरीची सावली धरली. माझ्याकडे काम आले ते मोजण्याचे. फळाचा घेर, देठापासून टोकापर्यंत वरून एक माप आणि आडवे वरून दुसरे. तिन्हींची बेरीज करून तक्त्यात पाहिले की वजनाचा अंदाज मिळतो. शिवणकामाची माझी टेप तोकडी पडली, तेव्हा दोन टेपा जोडल्या. विजेत्यांचे फळ भरात असताना दिवसाला वीस-पंचवीस किलोंनी वाढते. आमचे दोन-अडीच किलोंनी वाढत होते. एके दिवशी तीन किलो वाढ दिसली तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी गावच्या छोट्या जत्रेत ते फळ ९६ किलो भरले. त्यांना क्रमांक मिळाला नाही. त्यांनी कागदावरील कोरा रकाना भरला आणि त्याखाली पुढील वर्षासाठी १२० असा आकडा लिहिला. शंभर का नाही, असे मी विचारले नाही. एकशेवीस हा आकडा त्यांनी त्या वर्षीच्या नोंदवहीवरून काढला होता.

मुलांनो, आता जे सांगते ते तुमच्यापेक्षा तुमच्या आईवडिलांसाठी आणि माझ्या सहकाऱ्यांसाठी आहे. मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले त्या वर्षी याच व्यासपीठावरून मी घोषणा केली होती, की यंदा दहावीचा निकाल शंभर टक्के लागेल. गुजरातेत राहून मराठी माध्यमाची शाळा चालवताना पटसंख्या दरवर्षी घटते. निकालाचा आकडा हेच आपले भांडवल, असे मला वाटत होते. नववीत एक मुलगी गणितात कच्ची होती. ती दहावीला गेली तर आकडा बिघडेल, या भीतीने मी तिच्या वडिलांना बोलावून तिला बाहेरून परीक्षेला बसवण्याचा सल्ला दिला. त्यांनी मान डोलावली आणि तिचा दाखला नेला. पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, पेढे वाटले, वृत्तपत्रात छायाचित्र आले. ती मुलगी परीक्षेला बसलीच नाही. आज ती वडिलांच्या फरसाणाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, हिशेब तोंडी करते आणि मला अजूनही “या, बाई” म्हणते. त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना माझे पाय जड होतात.

त्या खोपटाच्या दारावरचा कागद वाचत होते, तेव्हा तीच मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. परत आल्यावर दहावीच्या वर्गात टांगलेला शंभर टक्क्यांचा फलक मी उतरवला. आता प्रत्येक मुलाच्या वहीत त्याचे मागील चाचणीचे गुण आणि पुढील चाचणीचा त्याने स्वतः ठरवलेला आकडा असतो. गणितात भोपळा मिळालेल्या एका मुलाने सात लिहिले. त्याला नऊ मिळाले. गतवर्षी आपला निकाल शंभर टक्के लागला नाही, हे अध्यक्षमहोदय जाणतात, आणि त्याचे स्पष्टीकरण त्यांनी माझ्याकडे मागितलेही होते. ते हेच आहे.

निघताना शेजाऱ्यांनी मला त्या भोपळ्याच्या दोन बिया देऊ केल्या. परवानगीवाचून परदेशी बियाणे आणता येत नाही, म्हणून त्या मी परत केल्या. शिवाय त्या वाणाला थंड आणि दीर्घ उन्हाळा लागतो. आपल्या उकाड्यात ते तग धरणार नाही. आपण आपले नेहमीचे डांगर लावू.

वाफा प्रयोगशाळेच्या मागे तयार आहे, शेणखत कालच मिसळले आहे. सहावीच्या प्रत्येक तुकडीला एक आळे मिळेल. नर आणि मादी फूल कसे ओळखायचे, हे विज्ञानाच्या बाई दाखवतील. परागण सकाळी लवकरच करावे लागते, कारण दुपारपर्यंत फुले मिटतात, तेव्हा ज्यांची पाळी असेल त्यांनी प्रार्थनेच्या अर्धा तास आधी यावे. नोंदवहीत पहिल्या पानावर आपले उद्दिष्ट लिहावे. किलोचा आकडा सध्या लिहू नये. वजन मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील काट्यावर होईल. तो वीस किलोंपर्यंतच मोजतो, पण मला वाटते यंदा तेवढा पुरेल. फळे उतरली की घारगे करू. बिया आता मधल्या सुट्टीत मिळतील. प्रत्येक तुकडीच्या प्रतिनिधीने माझ्या कार्यालयाबाहेर रांग लावावी.