रानाची हाक



उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ रानांत सप्टेंबर उजाडला की वापिटी जातीचे नर मृग शिळेसारखा उंच स्वर काढू लागतात. तो त्यांच्या माजाचा काळ. शिकारी त्या स्वराची, अथवा मादीच्या मृदू हाकेची, नक्कल करतो आणि नर आपण होऊन टप्प्यात येतो. या विद्येचे नियम मोजकेच आहेत. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहता नसावा. हाक थोडी द्यावी, वाट पुष्कळ पाहावी. आणि कोणता स्वर काय सांगतो, हे आधी ऐकून शिकावे.

आपल्या देशातही असे घडले आहे. १९३८ साली कुमाऊँतील ठाक गावाजवळ एक नरभक्षक वाघीण जोडीदाराला साद घालीत होती. जिम कॉर्बेट यांनी नर वाघाच्या आवाजात तिला उत्तर दिले. ती त्या आवाजाच्या रोखाने आली आणि संधिप्रकाशात त्यांच्या गोळीला बळी पडली. तेथे माणसांच्या प्राणांचा प्रश्न होता. एरवी मात्र अशी हाक म्हणजे मुक्या जिवाच्या विश्वासाशी केलेली प्रतारणाच होय.

वापिटीचे भाऊबंद असलेले सांबर, म्हणजे गोमंतकीयांचा मेरू, आपल्या घाटपायथ्याच्या रानांत आहे. त्याची शिकार आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपुष्टात आणली. बंदूक खाली ठेवली, म्हणून शिकाऱ्याची विद्या मात्र फुकट गेली असे समजू नये. तिचा अर्धा भाग ऐकण्याचा आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे.

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात सांजवेळी कुळागरातून वा काजूच्या बागेतून परतताना मोर अवेळी केकाटू लागला, वानरे झाडावरून एकाच दिशेला पाहून खेकसू लागली, भेकर थांबून थांबून भुंकू लागले, तर पाऊल आवरावे. बिबट्या जवळपास असू शकतो. मुलांना हाताशी घ्यावे, मोठ्याने बोलत उजेडातल्या वाटेने घर गाठावे.

आता यंत्रातून पाखरांची हाक वाजवून त्यांना छायाचित्रासाठी जवळ बोलावतात. विणीच्या दिवसांत अशा खोट्या हाकेने पाखरू घरटे सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात शिणते. त्याच्या पिलांनी तोवर काय करावे?

रान आपल्याशी खोटे बोलत नाही, श्रोतेहो. आपणही त्याच्याशी खोटे बोलू नये.